पार्श्वभूमी : धडधाकट डिस्क, न उघडणारा पूल आणि एक जुना वाद

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज एका झटक्यात गेली. घरून काम करण्याचे दिवस होते. वागळे इस्टेट किंवा महाप्यातल्या लहान कार्यालयांत माणूस नाही, कोपऱ्यातली स्टोरेजची पेटी मात्र चालू, हे तेव्हाचे नेहमीचे चित्र. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते, आणि ‘आता बंद हो’ असा निरोप पेटीला पोचवणारी यूएसबी वायर बहुधा जोडलेलीच नसते. अशा वेळी वीज परत येते, पेटी सुरू होते, डिस्क सगळ्या दिसतात आणि पूल, म्हणजे झेडएफएस या फाइल सिस्टिमने त्या डिस्क एकत्र करून बनवलेला साठा, काही उघडत नाही. याचे मूळ २००५ ते २००९ या चार वर्षांतल्या एका वादात आहे.

त्याआधीचे थोडक्यात. १९८८ च्या शोधनिबंधातून रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरण्याची पद्धत, हे नाव रूढ झाले तेव्हा त्यातला ‘आय’ ‘स्वस्त’ या अर्थाचा होता. महागडी कपाटे विकणाऱ्यांना तो शब्द अडचणीचा ठरला आणि पुढे तिथे ‘स्वतंत्र’ आले. नंतर बराच काळ हे काम कंट्रोलर कार्डाकडे राहिले. कार्ड जळले की त्याच जातीचे दुसरे शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, कारण डिस्कवरची मांडणी बनवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक. झेडएफएसने ही अडचण मुळातच काढली. प्रत्येक डिस्कवर २५६ केबीची चार लेबले असतात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी, आणि पूलची ओळख त्यांत असते. डिस्क कोणत्याही क्रमाने, कोणत्याही मशीनला लावल्या तरी पूल सापडतो.

‘रिसिल्व्हर’ हा शब्दही याच घराण्यातला. एकाच मजकुराच्या दोन डिस्कवर प्रती ठेवणे याला मिरर म्हणतात. मिरर म्हणजे आरसा, आणि पारा उडालेल्या आरशाला नव्याने पारा चढवणे, म्हणजे नव्या किंवा परतलेल्या डिस्कवर मजकूर भरणे, म्हणजे रिसिल्व्हर. त्याला ‘रिबिल्ड’ म्हणणे सोयीचे असले तरी चूक आहे. कार्ड अख्खी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत भरत बसते. रिसिल्व्हर फक्त वापरातली जागा भरतो. वायर सैल होऊन डिस्क तासभर गायब झाली असेल तर ती परतल्यावर त्या तासात लिहिलेलेच तिला द्यावे लागते. त्यामुळे सुटून परत आलेली डिस्क पुसून ‘नवी’ म्हणून लावणे, हे मिनिटांचे काम दिवसभराचे करण्यासारखे आहे.

आता वादाकडे. २००५ च्या अखेरीस झेडएफएस खुले झाले ते एका ठाम निर्णयासह: ‘एफएससीके’सारखे तपासून दुरुस्त करणारे साधन यात असणार नाही. तर्क असा. इथे जुन्यावर नवे कधीच लिहिले जात नाही. मजकूर आधी नव्या जागी जातो, मग डिस्कला ‘कॅशे (तिची तात्पुरती स्मृती) रिकामी कर’ असा आदेश मिळतो, आणि सर्वांत शेवटी यूबरब्लॉक, म्हणजे सगळा मजकूर ज्याला लटकलेला असतो त्या झाडाचे मूळ, लिहिला जातो. वीज कधीही गेली तरी आधीचे झाड अखंड किंवा नवे झाड अखंड. अर्धवट असे काही उरतच नाही, मग दुरुस्ती कशाची?

तर्क चोख होता, पण तो डिस्क खरे बोलते या गृहीतावर उभा होता. स्वस्त यूएसबी पेट्यांत डिस्क आणि यूएसबी जोडणाऱ्या काही ब्रिज चिपा ‘रिकामी कर’ला ‘झाले’ म्हणत आणि मजकूर कॅशेतच ठेवत. काही व्हर्च्युअल मशीनही तेच करत. अशा वेळी वीज गेली की यूबरब्लॉक पोचलेला, पण तो ज्याकडे बोट दाखवतो ते पानच नाही. काही टीबी मजकूर जागच्या जागी आणि दार बंद. त्यावर अधिकृत उत्तर असे: बॅकअपवरून परत आणा, दोष हार्डवेअरचा आहे. दोष हार्डवेअरचाच होता, हे मान्य. पण मागच्या दहा सेकंदांपूर्वीचे अखंड झाड त्याच डिस्कवर असताना तिकडे जायचा रस्ताच न देणे, हे तत्त्वाच्या नावाखाली केलेले दुर्लक्ष होते. त्या काळात लोक हाताने, हेक्स एडिटरने किंवा ‘डीडी’ने, ताजे यूबरब्लॉक निकामी करून पूलला जुन्याकडे वळवत. एक आकडा चुकला की सगळेच गेले.

२००९ च्या अखेरीस हाच खटाटोप पूल उघडणाऱ्या ‘झेडपूल इम्पोर्ट’ या आज्ञेला जोडायच्या मोठ्या (कॅपिटल) ‘एफ’च्या रूपात अधिकृतपणे आला. त्याला ‘दुरुस्ती’ म्हटले नाही, ‘रिकव्हरी’ म्हटले, म्हणून दोन्ही बाजू आजही आपणच जिंकल्याचे सांगतात. स्क्रबला झेडएफएसचा एफएससीके मानणारेही आहेत. पण स्क्रब प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, ताडून बिघडलेला ब्लॉक दुसऱ्या प्रतीवरून भरतो, आणि त्यासाठी पूल आधी उघडावा लागतो.

मोठ्या ‘एफ’ची झेप किती, हे आकड्यांत पाहिलेले बरे. प्रत्येक लेबलात १२८ केबीचे एक कडे (रिंग) असते आणि यूबरब्लॉक त्यात फिरत्या क्रमाने लिहिले जातात. ५१२ बाइट सेक्टरच्या जुन्या पूलवर ते प्रत्येकी १ केबीचे, म्हणून १२८ मावतात. ४ केबी सेक्टरवर प्रत्येकी ४ केबीचे, म्हणून फक्त ३२. लिखाण चालू असताना साधारण दर ५ सेकंदांनी बदलांचा एक गट आणि त्याचा यूबरब्लॉक लिहून होतो, म्हणजे आजच्या डिस्कवर मागचा इतिहास उणापुरा १६० सेकंदांचा. त्यातही मोकळे झालेले ब्लॉक पुढचे दोनच गट राखून ठेवले जातात. मोठा ‘एफ’ म्हणूनच दोन गट मागे जातो, तोटा दहाएक सेकंदांच्या लिखाणाचा. त्यापलीकडे जायला मोठा ‘एक्स’ आहे, पण तो पूर्ण झाड चालून बघतो. मोठ्या पूलवर त्याला दिवसही लागतात आणि तिथली जुनी पाने एव्हाना दुसऱ्याच मजकुराखाली गेलेली असू शकतात.

यातून क्रम आपोआप ठरतो. आधी फक्त-वाचन इम्पोर्ट. उघडले तर मजकूर बाहेर काढायचा आणि बाकी कशाला हात लावायचा नाही. नाही उघडले तर मोठा ‘एफ’, पण सोबत ‘एन’ देऊन: तो मागे जाता येईल का एवढेच बघतो, लिहीत काही नाही. मग मोठा ‘एफ’ फक्त-वाचनासह. ‘एक्स’ची वेळ आलीच तर त्याआधी प्रत्येक डिस्कची ‘डीडीरेस्क्यू’ने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत काढायची आणि प्रयोग प्रतींवर करायचे. छोटा ‘एफ’ ही वेगळीच गोष्ट आहे: पूल शेवटी दुसऱ्या मशीनवर होता, तरी घे, एवढाच त्याचा अर्थ. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने फोनवरून आज्ञा सांगताना हा घोटाळा हमखास होतो.

अर्थात डिस्क खरोखरच हरवलेली दिसते तेव्हा आधी वायर बघावी. दोन-तीन डिस्क एकाच क्षणी गेल्या तर त्या एकाच वेळी मेल्या, असे क्वचितच असते. पॉवर सप्लाय, एकाला दोन करणारी जोडवायर, डिस्क जिच्यात खोचल्या जातात ती पाटी (बॅकप्लेन) किंवा डिस्क मशीनला जोडणारे एचबीए कार्ड हे खरे संशयित. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी पावसाळ्याचे चार महिने डिस्कच्या साटा वायरींच्या टोकांवर ओल धरते. ती टोके आयसोप्रोपाइलने पुसून पुन्हा बसवली की बरेचदा भागते. डिस्क स्वतःबद्दल देते त्या स्मार्ट अहवालात १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर दोष वायरीचा. ५, १९७ आणि १९८ वाढत असतील तर डिस्कचा. १९९ कधी कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवून आठवड्याने पाहायचा. साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर मिनिट-दोन मिनिटे अडून बसतात आणि लिनक्स ३० सेकंदांत धीर सोडतो, म्हणून चांगली डिस्कही बाहेर पडते. डिस्कची सोय असेल तर ही अडून बसण्याची मर्यादा ‘एससीटीईआरसी’ या सेटिंगने ७० वर, म्हणजे ७ सेकंदांवर, आणता येते. बऱ्याच डिस्क ती पुन्हा सुरू झाल्यावर विसरतात, तेव्हा हे बूटच्या वेळीच घालावे.

बदली डिस्क घाईत घेताना २०२० चे प्रकरण आठवावे. नॅससाठी (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीसाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क आतून एसएमआर, म्हणजे एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या आणि म्हणून पुनर्लेखनात मंद, निघाल्या, आणि हे वेष्टनावर कुठेच नव्हते. एका जाहीर चाचणीत अशा ४ टीबी डिस्कवर रिसिल्व्हरला नऊ दिवसांहून अधिक लागले. पट्ट्या वेगळ्या ठेवणाऱ्या नेहमीच्या सीएमआर डिस्कवर ते तासांचे काम. डेटाशीट पाहूनच डिस्क घ्यावी. आणि जुनी डिस्क थोडीफार वाचता येत असेल तर ती न काढता, नवी शेजारी लावून ‘रिप्लेस’ द्यावे. गटातली दुसरी एखादी डिस्क एखाद्या ब्लॉकवर अडखळली तर जुनीवरची प्रत कामी येते.

उरला ‘ॲड’चा घोळ. ‘रिप्लेस’ऐवजी ‘ॲड’ दिले की नवी डिस्क पूलमध्ये एकटी, आधाराविना बसते. झेडएफएस हटकते, पण त्याच संदेशात छोटा ‘एफ’ सुचवते आणि माणूस तो टाइप करतो. झेडएफएसच्या २०१९ च्या ०.८ आवृत्तीत डिस्क-गट काढण्याची सोय लिनक्सवर आली, पण पूलमध्ये रेडझेड (झेडएफएसची रेडसारखी मांडणी) असेल तर ती चालत नाही. त्याच आवृत्तीतला ‘चेकपॉइंट’, म्हणजे पूलच्या त्या क्षणीच्या स्थितीची खूण, मात्र आधी घेतलेला असेल तर मागे जाता येते. जानेवारी २०२५ च्या २.३ पासून रेडझेडमध्ये एकेक डिस्क ‘अटॅच’ने वाढवता येते, त्यामुळे ‘ॲड’चा मोह कमी व्हावा. पण एकदा असे वाढवले की त्या वैशिष्ट्याची खूण पूलवर कायम राहते. उबुंटू २४.०४ च्या सुरुवातीच्या पेनड्राइव्हवर २.२ होते, त्याला असा पूल फक्त-वाचनासाठीही उघडता येत नाही. बचावाचा पेनड्राइव्ह २.३ किंवा पुढचा हवा, आणि तो पूल चालू असतानाच बनवून, त्यावरून एकदा बूट करून पाहावा.