नातवंडासाठी खजिन्याची पेटी करताय? फळ्या कापून घेण्याआधी एवढं वाचा

एप्रिल उजाडला की आमच्या प्लाय-लाकडाच्या दुकानात आजोबांची वर्दळ सुरू होते. कुणी आजोबा, कुणी तेलुगूतले तात, कुणी कन्नडमधले अज्जा, सोलापूरच ते. पण खिशातली चिठ्ठी सगळ्यांची सारखीच असते : ‘पेटी. 24 × 14 × 12. प्लाय 18 एमएम.’ सुट्टीला पुण्याहून नातवंड यायचं असतं, त्याच्या आत पेटी तयार हवी असते. आम्ही चिठ्ठीबरहुकूम फळ्या कापून देतो. तिसऱ्या दिवशी त्याच फळ्या रिक्षातून परत येतात. “तळ बसंनाय की ओ. तुमचं कटिंग चुकलंय.”

कटिंग चुकलेलं नसतं. चिठ्ठीत फळीची जाडी धरलेली नसते.

वरचीच चिठ्ठी घ्या. 24 इंचांच्या दोन फळ्या, 14 च्या दोन, आणि तळ 24 × 14. आता जोडायला बसा. 14 च्या फळ्या 24 च्या दोन फळ्यांच्या मध्ये येतात. 14 इंच म्हणजे 356 मिलिमीटर. त्यात दोन्ही अंगांच्या फळ्यांचे 18 आणि 18 मिळवले की पेटीची बाहेरची रुंदी 392 भरते. तळ खालून ठोकायचा म्हणाल तर तो रुंदीला 36 मिलिमीटर तोकडा पडतो. आतून बसवायचा म्हणाल तर रुंदी जमते, पण लांबीला तोच तळ 36 मिलिमीटर जास्त होतो, कारण आत जागाच 574 उरलेली असते. जास्तीचा तुकडा कापून तळ आत बसवता येतो, नाही असं नाही. पण मग पेटी आतून साडेबावीस इंचांची राहते, आणि ज्या तेवीस इंची लाकडी तलवारीसाठी हा सगळा घाट घातला ती तलवार सरळ झोपत नाही. हे दर उन्हाळ्यात घडतं.

म्हणून एकच विनंती. प्रत्येक मापापुढे ‘आतून’ किंवा ‘बाहेरून’ असा शब्द लिहून आणा. पेटीत काय ठेवायचं ते ठरलं असेल तर आतलं माप द्या, जाडीचा हिशेब आम्ही करतो. पेटी कॉटखाली सरकवायची असेल तर बाहेरचं द्या. काहीच ठरलं नसेल तर सगळ्यात लांब खेळणं सोबत घेऊन या. ते टेबलावर ठेवून मोजू. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘24-14-12’ आलं तर आम्ही करवत चालवत नाही, आणि कापलेली फळी परत घेत नाही. याचा काही जणांना राग येतो. पण कापलेली फळी पुढच्या गिऱ्हाइकाच्या मापाची कधीच नसते.

जाता जाता सुताबद्दल. आपल्या गावात सूत म्हटलं की माग आठवतो. आमच्याकडे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजे 19 मिलिमीटर. 18 चा प्लाय त्याहून एका मिलिमीटरने कमी असतो, म्हणून ‘पाऊण इंची’ एवढं सांगून भागत नाही. शिवाय करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 3 मिलिमीटर लाकडाचा भुसा करतं. आठ फुटी फळीतून सहा इंचांचे सोळा तुकडे मागितले तर पंधरा कापांत 45 मिलिमीटर भुशात जातात आणि शेवटचा तुकडा आखूड निघतो. तो आम्ही ठेवून घेतलेला नसतो.

प्लाय कोणता घ्यावा? एवढ्या पेटीला 18 ची गरज नाही. 12 चा प्लाय आणि आतून चार कोपऱ्यांत इंची पट्ट्या एवढं पुरतं. 18 ची पेटी भरली की मोठ्या माणसालाही जड जाते. घरात कोरड्या जागी राहणाऱ्या पेटीला आयएस 303 या मानकाचा साधा एमआर (दमट हवा सोसणारा) प्लाय चालतो. आयएस 710 चा मरीन (पाण्यात टिकणारा) घेऊन पैसे घालवू नका. हे आम्ही विकणारेच सांगतोय. वाचलेले पैसे बिजागऱ्या आणि झाकण उघडं धरणाऱ्या दांड्यावर घाला.

झाकण मात्र पहिल्या दिवशी कापून नेऊच नका. खोका आधी चिकटवा, स्क्रू मारा, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले म्हणजे पेटी काटकोनात आहे. मग त्या पेटीवरून झाकणाचं माप घ्या, कागदावरून नको. गोष्टीच्या पुस्तकातल्या खजिन्यासारखं गोल झाकण हवं असेल तर एक बसलेलं माप देऊन ठेवतो. पेटी बाहेरून 16 इंच रुंद असेल आणि झाकणाला मध्ये 4 इंच उंची हवी असेल, तर दोन्ही टोकांच्या कमानी 10 इंच त्रिज्येच्या येतात. खिळा, सुतळी आणि पेन्सिल घेऊन त्या घरीच आखता येतात. त्यावर दीड इंच रुंद, अर्धा इंच जाड अशा 13 पट्ट्या बसतात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा रंध्याने चार अंशांइतक्या तिरक्या कराव्या लागतात, नाहीतर वरून फटी दिसतात. रंधा हाताला बसलेला नसेल तर पट्ट्या आमच्याकडून तिरक्या करून न्या. उगाच सव्वीस कडा बिघडवू नका.

दोन गोष्टींत आम्ही ऐकत नाही. एक, आपोआप बसणारा खटका. मूल खेळता खेळता पेटीत शिरतं, झाकण पडतं आणि खटका बसतो. कडी-कोयंडा शोभेपुरता लावा, कुलूप लावू नका, आणि मागच्या फळीला वरच्या अंगाला हवेसाठी दोन-तीन भोकं पाडून घ्या. दुसरी, आधार नसलेलं झाकण. उघडलेल्या जागी थांबणारा दांडा येतो तो लावा, आणि काठावर रबरी गुंड्या बसवा, म्हणजे बोटाएवढी फट राहते. हे सामान आमच्याकडे कायम असतं. बाहेरून आणलंत तरी चालेल, पण लावा.

बरेच जण जुनं लाकूड घेऊन येतात. वाड्याची सागवानी चौकट, देव्हाऱ्याची फळी. जरूर आणा. त्यात गाडले गेलेले खिळे पातं फोडतात, म्हणून आम्ही आधी लोहचुंबक फिरवतो आणि त्याचा वेगळा आकार लावतो. जुन्या रंगाचे पापुद्रे घरात, मुलांजवळ घासू नका. घरोपयोगी रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून आहे, त्याआधीच्या डब्यात काय होतं ते कुणी सांगावं? माळ्यावरचा जुना डबा पेटीला वापरू नका, ते याच कारणाने. आणि सागाची अखंड फळी झाकणाला लावणार असाल तर चारही बाजूंनी सरस लावून जखडू नका. पावसाळ्यात बसवलेली फूटभर रुंद फळी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सूत-दीड सूत आकसते, आणि जखडलेली असेल तर मधून तडकते. ती रुंदीत आकसते, लांबीत नाही. त्यामुळे चौकटीत खाच पाडून तिला मोकळी बसू द्या.

गेल्या वर्षी एक तात आले. पिशवीतून त्यांनी धोटा काढला. हातमागावर आडवा धागा नेतो तो, दोन्ही टोकांना लोखंड, मधलं लाकूड हाताच्या घामाने काळं आणि काचेसारखं गुळगुळीत झालेलं. नातीच्या पेटीला मूठ म्हणून तो लावायचा होता. आम्ही टोकं कापून घासून दिली आणि मागून दोन स्क्रू घेतले. मापाची चिठ्ठी त्यांनीच लिहून आणली होती. प्रत्येक आकड्यापुढे ‘आतून’.

स्वतः कापायचं नसेल तर मापावरून झाकण सोडून बाकी सगळे भाग कापून, मागे पेन्सिलीने नंबर घालून, स्क्रू-बिजागऱ्यांसह एकत्र बांधून देतो. जोडायचं काम तुमचं; ते आजोबांनीच करावं असं आमचं मत. फक्त सुट्टी लागण्याच्या आधीच्या आठवड्यात येऊ नका. तेव्हा करवतीपुढे रांग असते आणि घाईत चिठ्ठ्या चुकतात.