टायपिंगच्या तासापासून पडद्यापर्यंत: आइस क्यूब

लातूर, बीड, नांदेडकडची पोरं आता आपल्या बोलीत रॅप करतात आणि त्यातल्या अनेकांना पुढे सिनेमात यायचं असतं. त्यांनी अमेरिकन रॅपर आणि अभिनेता आइस क्यूबची कारकीर्द नीट पाहावी, असं मला मनापासून वाटतं. कारण त्याला पडद्यापर्यंत नेलं ते त्याच्या लेखणीने.

खरं नाव ओशे जॅक्सन, जन्म १९६९, लॉस एंजेलिस. शाळेत टायपिंगच्या तासाला मित्राने ‘रॅप लिहून दाखव’ म्हटलं आणि सुरुवात झाली. गाण्यावर पोट भरेल याची खात्री नव्हती, म्हणून ॲरिझोनात वर्षभर इमारतींचे नकाशे काढायलाही शिकून आला.

१९८८ मध्ये त्याच्या ‘एन.डब्ल्यू.ए.’ या रॅप गटाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा अल्बम गाजला. त्यातले बरेच शब्द क्यूबचे, पण पैसा हाती फारसा येईना. पुढ्यात आलेला करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करणार नाही, यावर तो अडून बसला आणि १९८९ च्या अखेरीस गट सोडला. तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा होता! एक रील चालली की पुढ्यात येईल त्या कागदावर सही करणाऱ्या आपल्या पोरांनी एवढं तरी उचलावंच.

१९९१ मध्ये दिग्दर्शक जॉन सिंगलटनच्या ‘बॉइझ एन द हूड’ने त्याला पडद्यावर आणलं. शेवटाकडचा प्रसंग बघा. क्यूबच्या पात्राच्या भावाचा खून झालाय, सकाळ आहे, आणि टीव्हीवर भावाच्या मरणाची साधी बातमीही नाही, हे तो जवळजवळ सपाट आवाजात सांगतो. मग बाटलीतली उरलेली दारू जमिनीवर ओततो आणि चालू लागतो. तिथे आरडाओरडा नाही, म्हणूनच ते आत जातं.

सिंगलटनने त्याला पटकथा लिहायला लावलं. १९९५ चा ‘फ्रायडे’ त्याने संगीत निर्माता डीजे पूहसोबत लिहिला: एक गल्ली, एक दिवस, ओट्यावर बसलेले दोन मित्र. खर्च सुमारे ३५ लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई २ कोटी ७० लाखांवर.

आपल्याकडे मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी लहेजा नायकाच्या तोंडी रुजवला. पण ऊसतोडीला जाणारं बीडचं कुटुंब किंवा २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलेलं लातूर, यांवरची पटकथा इथल्याच एखाद्या रॅपरने लिहावी, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

क्यूब पुढे निर्माताही झाला. २०१५ मध्ये एन.डब्ल्यू.ए.वर सिनेमा आला, तेव्हा निर्मात्यांत त्याचं नाव होतं आणि त्याची भूमिका त्याच्याच मुलाने केली.