मेंढीच्या पोटातला हायड्रोजन

खाद्यात अँटिबायोटिक मिसळलं की मेंढीची पचनशक्ती वाढते, असं खाद्यविक्रेते ठोकून सांगतात. मोनेन्सिन या अँटिबायोटिकच्या बाबतीत पचन फारसं वाढत नाही. बदलतो तो हायड्रोजनचा हिशेब.

चारा पचवतात कोटीपोटातले, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू. त्यांनी टाकून दिलेल्या ॲसिटेट, प्रोपियोनेट अशा आम्लांवर मेंढी जगते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून ॲसिटेटचे दोन रेणू झाले की हायड्रोजनचे चार रेणू सुटतात. प्रोपियोनेटचे दोन व्हायचे तर उलट हायड्रोजनचे दोन खर्ची पडतात. सुटा हायड्रोजन उचलून काही सूक्ष्मजीव मिथेन करतात आणि खाद्यातली 2 ते 12 टक्के ऊर्जा ढेकरांवाटे जाते.

मोनेन्सिन जिवाणूच्या पटलात शिरून आयनांची अदलाबदल करतं: आतलं पोटॅशियम बाहेर, बाहेरचे प्रोटॉन आत. हे प्रोटॉन उपसता उपसता पेशीचं एटीपी, म्हणजे ऊर्जेचं चलन, संपतं. बाह्य पटल नसलेले ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू यात सापडतात: हायड्रोजन सोडणारे रुमिनोकॉकस, लॅक्टिक आम्ल करणारा स्ट्रेप्टोकॉकस बोविस. ग्रॅम-निगेटिव्ह फायब्रोबॅक्टर तगतो आणि सक्सिनेट हे आणखी एक आम्ल बनवतो. सेलेनोमोनास त्याचं प्रोपियोनेट करतो. मिथेनवाले थेट मरत नाहीत, त्यांचा शिधा तुटतो. रुमिनोकॉकस तंतूही फोडतात, म्हणून सुरुवातीला कडबा उलट जरा कमीच पचतो!

मोनेन्सिनची मात्रा टनभर खाद्याला 20 ग्रॅम धरली, तर 10 टक्के मोनेन्सिन असलेलं तयार मिश्रण (प्रीमिक्स) 200 ग्रॅम लागतं. ते एकदम टनभर भरड्यात ओतलं तर एका घमेल्यात काहीच नाही आणि दुसऱ्यात विष. आधी 2 किलो भरड्यात कालवा, मग 20, मग 200 किलोत, मग सगळ्यात. रोज किलोभर खुराक खाणाऱ्या 30 किलोच्या मेंढीला यातून वजनाच्या किलोमागे जेमतेम 0.7 मिलिग्रॅम मिळतं. 12 च्या आसपास जीव जातो, हृदयाचे आणि मांड्यांचे स्नायू नासून. घोड्याला किलोमागे 2-3 मिलिग्रॅमच पुरे, तेव्हा गव्हाण वेगळी हवी. टायाम्युलिन हे दुसरं अँटिबायोटिक सोबत दिलं तर नेहमीची मात्राही बाधते, कारण यकृताकडून मोनेन्सिनचा निचरा होत नाही.

युरोपीय संघाने जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं 2006 पासून बंद केलं.

बकरी ईदच्या तोंडावर देवनारहून आणलेल्या मेंढराला सोसायटीत पाव, पोळ्या, गहू भरपूर मिळतात. पिष्टाचा असा मारा झाला की कोटीपोटाचा पीएच 5.5 च्या खाली घसरतो. तेव्हा मोनेन्सिन चारून उपयोग नाही, नजर उतरवूनही नाही. डावी कूस डबडबली, आंबूस हगवण लागली की धान्य ताबडतोब बंद, समोर फक्त सुका चारा, आणि जनावरांच्या डॉक्टरला त्याच दिवशी बोलवायचं.