रजेने भीती का जात नाही?

परिचारिकेला मारहाण झाल्याच्या बातमीत काम बंद आंदोलन आणि दाखल झालेला गुन्हा या दोन गोष्टी हमखास असतात; त्या सिस्टर पुढच्या नाईट ड्युटीला कशा उभ्या राहिल्या, हे मात्र कुणी छापत नाही. कोल्हापुरात जिल्ह्याबरोबरच कोकणातून आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात, प्रत्येकासोबत चार-सहा नातेवाईक असतात, आणि वाईट बातमीनंतरचा पहिला संताप निघतो तो बहुधा समोर उभ्या असलेल्या परिचारिकेवर. नंतर सहकारी सांगतात, "चार दिवस रजा घ्या, विसरून जाल." सल्ला आपुलकीचा आहे; तो ज्या समजुतीवर उभा आहे, ती चुकीची आहे.

हल्ल्याच्या क्षणी मेंदूत नॉरअॅड्रेनलिन या ताणाच्या वेळच्या रसायनाचे प्रमाण वाढते आणि अमिग्डला हा बदामाएवढा भाग त्या वेळी भोवती असलेल्या गोष्टी, म्हणजे स्पिरिटचा वास, ट्रॉलीचा खडखडाट, एखादा चढलेला पुरुषी आवाज, धोक्याशी जोडून टाकतो. ही जोडणी नुसत्या काळाने पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांची कुत्री संकेत मिळाला की खाणे येते हे शिकली होती, त्यामुळे संकेतानेच त्यांची लाळ गळे. त्यांना खाणे न देता नुसताच संकेत पुन्हा पुन्हा दिला, तेव्हा ती गळणे थांबले. परंतु काही वेळ मध्ये जाऊ दिल्यावर तोच संकेत देताच ती पुन्हा गळू लागली. म्हणजे जुनी शिकवण शाबूत होती, तिच्यावर "आता काही होत नाही" ही दुसरी शिकवण बसली होती, इतकेच. भीतीच्या बाबतीत ही दुसरी शिकवण कपाळामागच्या अग्रमस्तिष्काच्या आतल्या भागाच्या आधाराने टिकते. तिथून निघालेले संदेश अमिग्डलातील पेशींच्या छोट्या पुंजक्यांना जागे करतात, ते पुंजके गाबा हे रसायन सोडतात आणि भीतीचा बाहेर जाणारा संदेश दाबला जातो.

या दुसऱ्या शिकवणीची खोड अशी की ती जागेला बांधलेली असते. मानसशास्त्रज्ञ मार्क बाऊटन यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की एका पिंजऱ्यात आवाज आणि विजेचा झटका यांची जोडी बसवून, दुसऱ्या पिंजऱ्यात ती भीती मोडली, तरी पहिल्या पिंजऱ्यात परत नेताच उंदीर पुन्हा भितो. म्हणूनच राजारामपुरीतल्या समुपदेशकाच्या शांत खोलीत आलेला धीर रात्री दोन वाजता वॉर्डात टिकेलच असे नाही. पहिले काही दिवस विश्रांती अवश्य द्यावी. पण त्यानंतर, सिस्टरच्या संमतीने, आधी दिवसपाळीत ओळखीच्या सहकारी सिस्टरसोबत, मग त्याच वॉर्डात, मग रात्री, अशा टप्प्यांनी परतणे हे कायमच्या बदलीपेक्षा शास्त्राला अधिक धरून आहे.

मात्र अशाच प्रयोगांत असेही दिसते की मोडलेली भीती एका नव्या झटक्याने परत येते. दारावर रखवालदार नसेल, नातेवाइकांच्या संख्येवर बंधन नसेल आणि रात्री एकटीलाच पूर्ण वॉर्ड सांभाळावा लागत असेल, तर तिची भीती हा आजार नव्हे, तो अचूक अंदाज आहे. महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्यानुसार असा हल्ला अजामीनपात्र गुन्हा असून त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा घटनेनंतर येतो, रखवालदार आधी असावा लागतो.

शेजारीपाजारी "भ्यालीय पोरगी, उतारा टाका" म्हणतात आणि सुशिक्षित त्यावर हसतात. पण घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून एकदाच सगळे बोलायला लावणारी जी सत्रे घेतली जातात, त्यांच्या चाचण्यांतही पुढचा मानसिक आघात टळल्याचे दिसलेले नाही. अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात झोपेसाठी बेंझोडायझेपिन गटातील शामक गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये सुचवले.

महिना उलटूनही प्रसंग डोळ्यांसमोर येत राहिला, झोप मोडत राहिली किंवा वॉर्डाच्या दारातच पाय अडखळू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे आघातकेंद्रित उपचार घ्यावेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.