कोल्हापुरातले सेवा क्लब : आठवड्याच्या बैठकीमागचा इतिहास

रोटरी, लायन्स, इनरव्हील ही नावं बहुतेक कोल्हापूरकरांना फोटोतून माहीत आहेत. शाळेला सायकली देताना, रक्तदान शिबिराचं उद्घाटन करताना, दवाखान्यात एखादं मशीन बसवल्यावर फीत कापताना. ठरलेल्या वारी, ठरलेल्या हॉलमध्ये, पंचवीस-तीस माणसं तासभर बसतात ती साप्ताहिक बैठक मात्र पेपरात येत नाही. बाहेरच्यांना ती जेवणावळ वाटते. मला ती या क्लबांची सगळ्यात मोठी कमाई वाटते, आणि तिचा इतिहास पाहिला तर असं का म्हणतो ते कळेल.

सुरुवात शिकागोतली. पॉल हॅरिस तिथे वकिली करायचा, पण वाढलेला व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या छोट्या गावात. गावात सगळे एकमेकांना ओळखतात आणि शहरात शेजारचा दुकानदारही परका, ही त्याची खंत. २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी तो तीन परिचितांबरोबर डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या एका ऑफिसात बसला. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक शिंपी. पुढची बैठक दुसऱ्याच्या जागेत, त्यापुढची तिसऱ्याच्या. जागा अशी फिरती, म्हणून नाव रोटरी. एका व्यवसायातला एकच माणूस घ्यायचा, हा नियमही तेव्हाचाच.

पहिल्या दिवसांत यात समाजसेवा नव्हती. दोस्ती होती आणि एकमेकांच्या धंद्याला हातभार होता. सेवा आली १९०७ मध्ये, सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या रूपाने. शहराच्या मध्यभागी लोकांची कुचंबणा होते, तर सिटी हॉलजवळ स्वच्छतागृह हवं, म्हणून या मंडळींनी इतर संस्थांना बरोबर घेऊन पालिकेकडे पाठपुरावा केला. पुढे जगभर पसरलेल्या संघटनेचं पहिलं काम इतकं साधं आणि इतकं गरजेचं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधून देण्यात एखाद्या क्लबला कमीपणा वाटत असेल, तर त्याने हा दाखला जरूर वाचावा.

लायन्स संघटनेचा उगमही शिकागोचाच. १९१७ मध्ये विमा व्यवसायातल्या मेल्विन जोन्सने व्यापाऱ्यांच्या मंडळांना एकत्र आणलं आणि अट घातली की सदस्यांचा आर्थिक फायदा हा क्लबचा हेतू असता कामा नये. १९२५ मध्ये अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याची हाक दिली. मोतीबिंदूची शिबिरं आणि जुने चष्मे गोळा करण्याचं काम आजही लायन्सच्या नावाला जोडलेलं आहे, ते तेव्हापासून. भारतात रोटरी कोलकात्यात १९१९ मध्ये आली, मुंबईत १९२९ मध्ये. लायन्सचा देशातला पहिला क्लब १९५६ चा, मुंबईचा. १९६२-६३ मध्ये कोलकात्याचे नितीश लाहिरी रोटरीचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले आशियाई.

ही रीत बाहेरून आली खरी, पण कोल्हापूरला चार माणसांनी जमून, पैसे गोळा करून सार्वजनिक काम उभं करणं कुणी शिकवायची गरज नव्हती. दसरा चौकात उभं राहून आजूबाजूला बघितलं की पुरावा मिळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी रांगच लागली. वसतिगृहांची जननी म्हणून कोल्हापूरची ओळख झाली ती यातून. महाराजांनी जागा दिल्या, अनुदानं दिली, पण चालवायची जबाबदारी त्या त्या समाजातल्या पुढाऱ्यांवर टाकली. म्हणजे कार्यकारिणी आली, वर्गणी आली, हिशेब आला, बैठक आली. शिकागोत चार जण पहिल्यांदा जमले तेव्हा इथल्या बोर्डिंगांच्या पंगती चार वर्षं उठत होत्या.

कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये साताऱ्याकडच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. त्यांचा मुष्टिफंड म्हणजे निधी गोळा करण्याचा आपला अस्सल नमुना. घरातल्या बाईने रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढायचं, साठलं की बोर्डिंगला द्यायचं. एका वेळचं दान छोटं, पण त्यात खंड नाही. सेवा क्लबांच्या निधीचं गणितही चांगल्या दिवसांत असंच चालतं, हे पुढे दिसेल.

शिवाय पेठांमधल्या तालमी आहेतच. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. तिथे फुटबॉलचा संघ असतो, गणपती असतो, गल्लीतल्या कुणाच्या घरी मयत झालं तर तिरडीचं सामान आणण्यापासून सगळं बघणारी पोरं असतात. भिशी तर घरोघर. महिन्याला जमायचं, पैसे टाकायचे, खायचं, आणि अडलेल्याला आधी उचल द्यायची. या शहरात क्लबची शिस्त रुजली ती जमीन अशी तयार होती. फरक एवढाच की तालीम पेठेची, बोर्डिंग समाजाचं, आणि क्लबमध्ये बसणारे लोक वेगवेगळ्या धंद्यांतले. शाहूपुरीतला गुळाचा व्यापारी, उद्यमनगरातला फौंड्रीवाला, गुजरीतला सराफ, डॉक्टर, सीए, प्राध्यापक एका टेबलावर येतात, ते एरवी लग्नातच भेटले असते.

आता प्रत्यक्ष बैठक. अध्यक्ष घंटा वाजवतात आणि बैठक सुरू होते. आठवड्यातले वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस जाहीर होतात. सेक्रेटरी निवेदनं वाचतात: कुठल्या शिबिराला किती माणसं हवीत, कुणाची गाडी मिळेल, शाळेकडून कुठलं पत्र आलं. मग एक डबा फिरतो. मुलगा पास झाला, नातू झाला, नवी मशीन आली, ज्याला जे सांगायचं ते सांगून तो डब्यात पैसे टाकतो. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, तो किरकोळ कारणावरून सदस्यांना दंड करतो आणि दंड हसत हसत भरला जातो. त्यानंतर पाहुण्या वक्त्याची वीस-पंचवीस मिनिटं, आभार, राष्ट्रगीत आणि पुन्हा घंटा.

याला बांधून ठेवणारा जुना नियम हजेरीचा. रोटरीच्या घटनेत प्रत्येक सहामाहीत किमान निम्म्या बैठकांना हजेरीची अट आहे. सलग चार बैठका चुकल्या तर सदस्यत्व जाऊ शकतं. परगावी असाल तर तिथल्या क्लबच्या बैठकीत बसून मेकअप करायचा, म्हणजे चुकलेली हजेरी भरून काढायची. कोल्हापूर रोटरीच्या ज्या विभागात, म्हणजे डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतं त्यात सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि बेळगावही आहे. कामानिमित्त बेळगावला गेलेला इथला माणूस संध्याकाळी तिथल्या क्लबात जाऊन बसतो आणि पुढे जरूर पडली की हक्काने फोन करता येईल अशी दहा माणसं जोडून येतो.

पैशांबद्दल लोकांच्या मनात शंका असते, म्हणून थोडं सविस्तर. सदस्यांची फी क्लब चालवण्यासाठी, म्हणजे हॉल, जेवण, पत्रव्यवहार यासाठी. लोकांकडून गोळा केलेला पैसा मात्र लोकांसाठीच खर्च व्हायला हवा. लायन्समध्ये त्यासाठी प्रशासनाचं आणि उपक्रमांचं अशी दोन खाती वेगळी ठेवण्याचा दंडक आहे. रोटरीची जागतिक पातळीवरची संस्था म्हणजे रोटरी फाउंडेशन. १९१७ मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी तिची कल्पना मांडली आणि पहिली देणगी आली २६.५० डॉलरची, कॅन्सस सिटीच्या क्लबकडून. सदस्य वर्षाला फाउंडेशनला जे देतात ते तीन वर्षं गुंतवलं जातं आणि त्यातला मोठा हिस्सा प्रकल्पांसाठी डिस्ट्रिक्टकडे परत येतो. म्हणजे आज दिलेल्या पैशाचं फळ तीन वर्षांनी येणारा अध्यक्ष चाखतो. आजच्या अध्यक्षाच्या फोटोसाठी त्याचा काही उपयोग नाही, तरी क्लब देत राहतात. मुष्टिफंडाची आठवण मला इथे होते.

गावातला निधी गोळा करायच्या तऱ्हा प्रत्येक पिढीत बदलल्या. नाटकाचा प्रयोग घ्यायचा, तिकिटं सदस्यांनी ओळखीत खपवायची, उरलेली रक्कम प्रकल्पाला, हा चॅरिटी शोचा मार्ग महाराष्ट्रात जुना आहे. कोल्हापुरात असा विचार केला की शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, डोळ्यांपुढे येतं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत गेलं, त्याची हळहळ अख्ख्या गावाला आहे. स्मरणिका काढून जाहिराती मिळवणं, दिवाळीआधीच्या प्रदर्शनात स्टॉल देणं, मॅरेथॉन भरवणं हे इतर मार्ग. एप्रिल २०१४ पासून कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक झालं आणि सीएसआरचा पैसा क्लबांच्या प्रकल्पांतही येऊ लागला. पैसा वाढला हे चांगलंच, पण पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेतून फिरणारा सदस्य ज्या ओळखी आणतो त्या प्रपोजल पाठवून मिळत नाहीत. दहा लाखांच्या एका चेकइतकीच किंमत मी पाचशेच्या दोनशे पावत्यांना देतो.

क्लबांच्या साऱ्या कामांत पोलिओची मोहीम सर्वांत लांब पल्ल्याची. रोटरीने १९८५ मध्ये जगातून पोलिओ घालवण्याचा संकल्प सोडला. भारतात पल्स पोलिओ १९९५ मध्ये सुरू झालं. बर्फाचा डबा, दोन थेंब आणि डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण, हे त्या काळात ज्यांची मुलं लहान होती त्यांना सांगायला नको. बूथवर आरोग्य खात्याच्या सिस्टर आणि अंगणवाडी सेविकांच्या बरोबरीने क्लबची माणसं बसली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. संकल्पापासून तिथवर एकोणतीस वर्षं गेली. दरवर्षी अध्यक्ष बदलणाऱ्या संघटनेने एकच काम इतकी वर्षं धरून ठेवलं, याचं श्रेय मी कुणा एका नेत्याला देणार नाही. दर आठवड्याला तोच विषय पुन्हा टेबलावर येत राहिला, म्हणून ते झालं.

बायकांच्या बाबतीत मात्र हा इतिहास अभिमानाने सांगण्यासारखा नाही. कित्येक दशकं त्या या बैठकांत पाहुण्या म्हणूनच आल्या. सदस्याच्या पत्नीला ॲन म्हणायचे. मँचेस्टरमध्ये मार्गारेट गोल्डिंग यांनी १९२४ मध्ये रोटेरियनांच्या पत्नींना घेऊन इनरव्हील उभी केली आणि स्वतंत्र काम सुरू केलं. पण रोटरीचं दार उघडायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निकाल लागला. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने महिलांना सदस्य करून घेतलं म्हणून त्याची मान्यता काढली होती, ते प्रकरण. १९८९ मध्ये नियम जगभरासाठी बदलला. मिस क्लार्क वसतिगृहाचं शहर म्हणवणाऱ्या गावाने तरी या बाबतीत मागे राहू नये, असं मला मनापासून वाटतं.

अलीकडचा मोठा बदल २०१६ चा. बैठका दर आठवड्याला घेण्याची सक्ती रोटरीने सैल केली. महिन्यातून किमान दोन घेतल्या तरी चालतात, ऑनलाइन भेटलेलंही धरलं जातं. तरुण सदस्य यावेत, नोकरदारांना जमावं, हा हेतू बरोबर आहे. तरी कोल्हापुरापुरतं माझं मत वेगळं आहे, आणि त्याचं कारण पंचगंगा.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ५५ फूटही ओलांडले. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं. २०१९ ला उपसा केंद्रं बुडाल्याने चोहीकडे पूर असताना नळाला पाणी नव्हतं. लष्कर, नौदल, एनडीआरएफ आले, व्हाईट आर्मी या इथल्या स्वयंसेवी बचाव पथकाचे जवान बोटी घेऊन उतरले, तालमींनी चुली पेटवल्या. क्लबांचं काम त्यापुढचं होतं. बाहेरून मदतीचे ट्रक येऊ लागले तेव्हा बिस्किटं आणि जुने कपडे उदंड झाले, आणि पाणी ओसरल्यावर प्रत्यक्षात लागत होते खराटे, फिनेल, गॅसची शेगडी, पोरांची दप्तरं, जनावरांना वैरण. शिरोळ तालुक्यातल्या कुठल्या गावाला काय हवं, टेम्पो कुणाचा, किट कुणाच्या गोडाऊनमध्ये भरायचे, हे ज्यांना एकमेकांचे नंबर पाठ आहेत तीच माणसं तासाभरात ठरवू शकतात. महिन्या-दोन महिन्यांनी भेटणाऱ्यांना त्यासाठी आधी ओळख करून घ्यावी लागते.

यात एक अडचण थेट क्लबांच्या कॅलेंडरची आहे. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. सगळे पदाधिकारी नवे, पदग्रहण सोहळे, हार, शाली, आणि नेमकी तेव्हाच धरणक्षेत्रात झड लागलेली असते. २०२१ ला नव्या अध्यक्षांच्या हाती घंटा येऊन तीन आठवडे झाले होते तोवर पाणी शाहूपुरीत शिरलं. म्हणून इथल्या क्लबांनी जूनच्या चारही बैठका जुन्या आणि नव्या कार्यकारिणीने एकत्र घ्याव्यात. पहिलीत टेम्पो आणि गोडाऊनची यादी, दुसरीत नदीकाठच्या गावांतल्या सरपंचांचे आणि शिक्षकांचे नंबर, तिसरीत तालमी आणि बोर्डिंगांबरोबर स्वयंपाकाची वाटणी. चौथीत जिल्हा आपत्ती कक्षातल्या कुणाला तरी वक्ता म्हणून बोलवावं आणि त्या दिवशी एकाही सदस्याने मेकअपवर भागवू नये.