"विसर आता ते" म्हटल्याने भीती का जात नाही

पाऊस चढला आणि वाशिष्ठीचं पाणी वाढल्याचे मेसेज फिरायला लागले की चिपळुणात अजूनही काही घरांत कुणीतरी रात्रभर जागं असतं. २२ जुलै २०२१ चा पूर ओसरून इतकी वर्षं झाली तरी. आणि अशा माणसाला घरातले, शेजारचे सगळे एकच सांगतात, "विसर आता ते, झालं गेलं गंगेला मिळालं." प्रेमानेच सांगतात, पण मेंदूत तसं होत नाही आणि डॉक्टरही विसरायला लावत नाहीत, हेच मला इथे नीट सांगायचंय.

आधी एक गोष्ट. पुरानंतर थोडे दिवस झोप न लागणं, वाईट स्वप्नं पडणं हा आजार नाही, बहुतेक माणसं आपोआप सावरतात. पण महिना उलटून गेला तरी तेच प्रसंग जणू आत्ता घडतायत असे समोर येतात, माणूस त्या जागा, ते विषय टाळतो, जरा आवाज झाला की दचकतो, कशात मन लागत नाही आणि रोजचं काम अडतं, तेव्हा पीटीएसडीचा, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे लागणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करावा लागतो. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे हा आजार चर्चेत आला आणि १९८० मध्ये निदानाच्या पुस्तकात गेला, पण तो फक्त युद्धाचा नाही. अपघात, अत्याचार, तळियेसारखी दरड, कशानेही होतो.

आता मेंदूत काय होतं ते बघा, मला यातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. शाळेत पावलोवचा कुत्रा सगळ्यांनी वाचलाय. खाण्याआधी ठरावीक आवाज, मग नुसत्या आवाजानेही लाळ. पुढे खाणं न देता नुसताच आवाज केला तर लाळ हळूहळू थांबते. पण पावलोवनेच पाहिलं की मध्ये काही वेळ जाऊ दिला की लाळ परत येते! म्हणजे जुनं पुसलं गेलंच नव्हतं. भीतीचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांच्या प्रयोगांत शॉकमुळे बसलेली उंदरांची भीती दुसऱ्याच पिंजऱ्यात घालवली आणि मग त्यांना जिथे शॉक बसला होता त्या पिंजऱ्यात परत ठेवलं, तर भीती परत हजर. म्हणजे मेंदू जुनी आठवण तशीच ठेवतो आणि शेजारी दुसरी एक आठवण तयार करतो, "हा आवाज आला तरी इथे काही झालं नाही." ही दुसरी आठवण नाजूक असते, जागेला आणि वेळेला बांधलेली. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा मेंदूचा भाग, अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागातल्या काही छोट्या पेशींच्या पुंजक्यांना चालना देतो, त्या पेशी अमिग्डलाच्या मधल्या भागाला, जिथून घाम, धडधड, पळ असे हुकूम सुटतात, दाबून धरतात आणि आपण आत्ता कुठे आहोत ही माहिती हिप्पोकॅम्पस पुरवतो. पीटीएसडीत हा ब्रेक नीट लागत नाही.

मग पावसाळा आला की बहिणीकडे पुण्याला जाऊन राहणं, नदीकडच्या रस्त्याने न जाणं, यात सुटका वाटते, पण ती दुसरी आठवण तयार व्हायला संधीच मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर थेरपी नेमकी इथे काम करते. तज्ज्ञासमोर तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायचा आणि टाळलेल्या, पण आता सुरक्षित असलेल्या जागी पायरीपायरीने जायचं. वेगवेगळ्या जागी, कारण एकाच खोलीत शिकलेलं धैर्य त्या खोलीतच राहू शकतं. हे घरच्यांनी जबरदस्तीने करायचं काम नाही. आणि आपल्याकडे पाणी खरंच परत येऊ शकतं, त्यामुळे इशारा आला की वर जायचंच, सामान हलवायचंच. थेरपी भीती शून्य करत नाही, साधी सर आणि खरा धोका यातला फरक परत शिकवते.

ईएमडीआर नावाची, प्रसंग आठवताना डोळ्यांच्या हालचाली करून घेणारी थेरपीही चालते. औषधांत सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांचा अनेकांना उपयोग होतो. अल्प्राझोलामसारख्या घबराट तात्पुरती दाबणाऱ्या गोळ्या मनाने सुरू करू नका, त्यांनी पीटीएसडी बरा होत नाही आणि सवय लागते ती वेगळी.

देवाला गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, त्याने धीर येत असेल तर जरूर घाला. पण "पाण्यातली बाधा आहे" म्हणून भगताकडे उतारे करत महिने घालवायचे आणि त्रास होणाऱ्या माणसाला घरात वेगळं वागवायचं याचा मला मनापासून राग येतो. एका सेशनमध्ये ट्रॉमा साफ करून देतो म्हणणारे रीलवालेही त्याच माळेचे मणी.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि रत्नागिरीला सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. एक्स्पोजर थेरपीला साधारण ८ ते १५ सेशन लागतात, आठवड्याला एक धरलं तर दोन ते चार महिने. म्हणून पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. दिवाळीनंतर सुरुवात केली तर मिरगाआधी बरंचसं काम होऊन जातं आणि पहिल्या सरींत, थेरपिस्टशी बोलून, पुढचा सराव करता येतो.