कर्करोगावरील औषधांची हृद्‌विषाक्तता : प्रणाली जीवविज्ञानाचा दृष्टिकोन

कर्करोगावरील औषधामुळे हृदयाला इजा होते, तेव्हा तिचे कारण एकाच रेणूत न शोधता जनुके, प्रथिने, ऊर्जानिर्मिती व आकुंचन यांचे अवघे जाळे मोजून त्याचे गणिती प्रारूप बांधणे, हा प्रणाली जीवविज्ञानाचा मार्ग होय. त्याची गरज का भासली, हे डॉक्सोरुबिसिनच्या उदाहरणावरून उत्तम कळते.

लालभडक रंगाचे हे औषध शिरेतून दिले जाते. त्यानंतर रुग्णाची लघवीही दिवसभर लालसर होते. शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे एकूण मात्रा 550 मिलिग्रॅमच्या पुढे गेली की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो; काहींना तो त्रास उपचारानंतर कित्येक वर्षांनी जाणवतो. लोहाच्या साहाय्याने तयार होणारी मुक्त मूलके (अतिक्रियाशील रेणू) पेशी जाळतात, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले गेले; परंतु ई जीवनसत्त्वासारख्या प्रतिऑक्सिडीकारकांनी रुग्णांचे हृदय वाचले नाही. वाचवले ते डेक्सराझोक्सेन या हृदयरक्षक औषधाने, आणि तेही लोह बांधून ठेवत असल्यामुळेच, असा समज होता. 2012 साली उंदरांच्या हृदयपेशींतून टोपोआयसोमरेज-2-बीटा हे डीएनएचा पीळ सोडवणारे एंझाइम काढून टाकल्यावर त्या डॉक्सोरुबिसिन देऊनही बहुतांशी सुरक्षित राहिल्या. या एंझाइमवर औषध बसले की डीएनए तुटतो, शिवाय तंतुकणिका घडवणारी जनुकेही मंदावतात. म्हणजे मुक्त मूलके हा बऱ्याच अंशी या बिघाडाचा परिणाम ठरतो. डेक्सराझोक्सेनही याच एंझाइमला अडवते.

दोन औषधे एकत्र आली की साधी बेरीज चालत नाही. स्तनाच्या कर्करोगावरील ट्रास्टुझुमॅब या औषधाच्या 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँथ्रासायक्लिन (डॉक्सोरुबिसिनच्या गटातील औषध) व सायक्लोफॉस्फमाइड हे कर्करोगावरील आणखी एक औषध घेणाऱ्या सुमारे 8 टक्के रुग्णांत हृदयबिघाड दिसला, तर त्यांच्या जोडीला ट्रास्टुझुमॅब घेणाऱ्यांत सुमारे 27 टक्के. ट्रास्टुझुमॅब ज्याला अडवते तो हर-2 हा ग्राहक (पेशीवरील संकेत पकडणारे प्रथिन) गाठीला वाढवतो, तसाच ताणाखालच्या हृदयपेशीला तगवतो. दुरुस्तीचा तो संकेत तोडल्यावर आधीची इजा भरून येत नाही.

रुग्णाच्याच रक्त वा त्वचेपासून घडवलेल्या, काचपात्रात धडधडणाऱ्या हृदयपेशींवर आता हे तपासता येते. स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिनने ज्यांचे हृदय बिघडले, त्यांच्या अशा पेशी इतरांच्या पेशींपेक्षा औषधाला लवकर बळी पडतात, असे 2016 साली दिसून आले. मात्र या पेशी गर्भावस्थेतील हृदयपेशींसारख्या अपक्व असतात, आणि पात्रात रक्तदाब, प्रतिकारयंत्रणा वा यकृत नसते. त्यामुळे त्यांवरून बांधलेले प्रारूप प्रत्यक्ष रुग्णांच्या सोनोग्राफी व ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे प्रथिन) यांच्या नोंदींशी ताडून पाहावेच लागते.